कुत्रा घेताना आधी त्याच्या घरी जा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मे महिना संपत आला, आंब्याच्या पेट्या गेल्या, बागांतले गुरखे आपापल्या गावाला निघाले आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक तरी मेसेज पडतोय, जर्मन शेफर्ड, मेल, चार वर्षं, राखणीला एक नंबर, अर्जंट देणे आहे. तुमच्या पेपरातल्या छोट्या जाहिरातींतही गेल्या आठवड्यात असे दोन कुत्रे होते. दरवर्षी हेच होतं बघा, मोहोर धरला की वानरांसाठी नि चोरांसाठी कुत्रा हवा असतो आणि सीझन संपला की तोच कुत्रा जड होतो. त्यात आपले चाकरमानी, लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेलं पिल्लू आता चाळीस किलोचं झालंय, सोसायटीवाले ओरडतात, मग गावाला कुणी घेतं का बघ रे. घेणारे आपल्यातलेच असतात, म्हणून लिहितेय, जरा मोठं होईल पण शक्य तेवढं छापा.

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, घर बागेतच, पुढे खळं नि सगळीकडून चिऱ्याचा गडगा. दोन गावठी कुत्रे होते, एकाला बिबट्याने नेला, दुसरा म्हातारा होऊन गेला. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वानरांनी अगदी वैताग आणला तेव्हा आमच्या ह्यांनी ठरवलं की पिल्लू वाढवत बसायला वेळ नाही, तयार कुत्रा घेऊ. ग्रुपवर एक जर्मन शेफर्ड होता, बारा हजार. आम्ही घरी येऊन बघतो म्हटलं तर तो माणूस म्हणाला, कशाला एवढ्या लांब येताय, आईला बरं नाही माझ्या, मीच हायवेला नांदगाव तिठ्यावर घेऊन येतो. आम्हाला तेव्हा तो किती चांगला माणूस वाटला. दहा मिनिटांत व्यवहार झाला. कुत्रा गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला, कान उभे, केस चमकणारे, जीभ बाहेर. लसीची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली. पैसे जीपे केले, कुत्रा टेम्पोत चढवला, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी साखळी ओढताना तो आमच्या गड्याच्या हाताला चावला, जास्त नाही, दात लागले. तिसऱ्या दिवशी गडी मला सांगायला आला, "वयनीनू, ह्यो कुत्रो दोन दिस झाले जेवक नाय." मी खळ्यात गेले तर सारवलेल्या जमिनीवर लाल थेंब, एका रेषेत, तुळशीपासून पडवीपर्यंत. नाकातून रक्त येत होतं. कणकवलीला डॉक्टरांकडे नेला. त्यांनी काही विचारायच्या आधी त्याचा वरचा ओठ उचलला आणि मला म्हणाले, बघा. हिरडी सोललेल्या लसणीसारखी पांढरी. रक्त तपासलं तर प्लेटलेट अठरा हजार, कुत्र्याच्या अंगात दोन लाखांच्या वर तरी असायला हव्यात. पांढऱ्या पेशीही उतरलेल्या. गोचिडताप. आणि तो काल-परवाचा नव्हता, डॉक्टर म्हणाले महिनोन्महिने अंगात मुरलाय, आता हाडाच्या मगजात रक्त तयार होणंच बंद पडत चाललंय.

मग त्यांनी ती वही उघडली. पहिल्या पानावर कुत्र्याचं नाव खोडलेलं होतं. जात लॅब्राडोर, रंग ब्राऊन, लिंग मादी.

ती वही आमच्या घरात तीन दिवस होती, कुणी उघडून पाहिली नव्हती. म्हणजे रेबीजची लस झालेली नाही असंच धरायचं. गड्याला आणि मला, कारण मी त्याच्या तोंडातलं रक्त पुसलं होतं आणि माझ्या बोटाला चीर होती, ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शनं घ्यायला लागली, पहिल्या दिवशी, मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. चावलेला कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात, पण त्या दहा दिवसांची वाट बघत इंजेक्शनं लांबवायची नसतात, कारण रेबीज एकदा उठला की औषध नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कुत्रा एकोणिसाव्या दिवशी गेला. तो विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद. मला पैशाचं नाही एवढं वाटत, तो शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा बसून पिऊ शकत नव्हता, मी हाताच्या ओंजळीने पाजत होते, आणि आम्ही त्याला कुठल्या नावाने हाक मारत होतो ते त्याचं खरं नाव होतं की नाही हेही आम्हाला माहीत नव्हतं.

तर मोठा कुत्रा घेऊच नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट मी म्हणेन पिल्लापेक्षा मोठा कुत्रा कितीतरी बरा, त्याचं आकारमान कळलेलं असतं, स्वभाव कळलेला असतो, घरात घाण करत नाही, चपला फाडायचं वय गेलेलं असतं. पण हे सगळं खरं आहे की नाही ते हायवेवर कळत नाही, जिथे तो वाढला तिथे जाऊनच कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की कुत्रा बघायला जाऊ नका, कुत्रा त्याच्या घरी कसा राहतो ते बघायला जा. जो मालक घरी येऊ देत नाही, कारण काहीही सांगू दे, त्याच्याकडून घ्यायचा नाही.

घरी गेल्यावर लगेच लाड करायला धावू नका, आधी गप्प बसून चहा घ्या आणि बघत राहा. कुत्रा बांधलेला आहे की मोकळा, मालकाने हात वर केला की शेपूट हलवतो की अंग चोरून खाली बसतो, घरातली बाई त्याच्या बाजूने जाताना घाबरते का, पोरं त्याच्याजवळ जातात का. बसतो तिथली जमीन बघा. पट्टा जरा सरकवून मान बघा, सतत साखळीला असलेल्या कुत्र्याचे तिथले केस गेलेले असतात, कधी जखम असते. मग मालकाला सांगा की त्याला तुम्ही स्वतः जेवण घाला आणि जेवताना अंगावरून हात फिरवा. मालकच जर म्हणाला नको हो, जेवताना जवळ जाऊ नये, तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि एकदा नाही, दोनदा जा, दुसऱ्यांदा न सांगता जा, कारण पहिल्यांदा कुत्र्याला आंघोळ घातलेली असते, गोचीड काढलेले असतात आणि कधीकधी डॉक्टरकडून काहीतरी टोचून तात्पुरता तरतरीत केलेला असतो.

का देताय हे सगळेच विचारतात पण उत्तर ऐकून सोडून देतात. ते धरून बसा. बदली झाली म्हणतात तर कुठे, कधी जाताय, घर बांधाबांधीला काढलंय का. बाळ झालंय म्हणतात तर बाळाजवळ कुत्र्याने काय केलं. वेळ देता येत नाही म्हणतात तर दिवसाचे किती तास एकटा असतो आणि एकटा असताना काय करतो. आणि एक प्रश्न सरळ तोंडावर विचारायचा, आजपर्यंत हा कुणाला चावलाय का, कधी, कुठे, कशामुळे. शेजाऱ्यांना पण विचारा, आपल्याकडे शेजारी खरं सांगतात, आणि जास्तच सांगतात, पण त्यातून कळतं.

आपल्या कोकणातल्या काही गोष्टी आहेत ज्या मुंबई-पुण्याच्या माणसाला सुचणार नाहीत. गणपतीत रात्री भजनी मंडळी घरात येतात, मृदंग, टाळ, पंचवीस माणसं, चपलांचा ढीग, फटाके. हा कुत्रा तेव्हा काय करणार? फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याने एवढी माणसं एकदम घरात शिरताना पाहिलेली नसतात. कोंबड्या, मांजर, दावणीची गाय, गडग्यावरून जाणारं जनावर, यातलं त्याने काय पाहिलंय ते विचारा. रात्री कुठे झोपतो ते विचारा, बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं आहे, आणि घरात झोपायची सवय असलेला कुत्रा बाहेर बांधला तर रात्रभर रडतो ते वेगळंच. हस्की, सेंट बर्नार्ड असले बर्फातले कुत्रे कुणी फुकट दिले तरी कृपा करून घेऊ नका, आपल्या दमट हवेत त्यांची कातडी कुजते, मे महिन्यात धापा टाकून उष्माघाताने जातात.

आता तब्येत. पैसे द्यायच्या आधी डॉक्टर, नंतर नाही, हे पक्कं. चांगल्या मालकाला त्याचं काही वाटत नाही, तो म्हणतो न्या, मीही येतो. डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या, पेशींची मोजणी आणि गोचिडतापाची टेस्ट, जे काही हजार-दोन हजार जातील ते जाऊ देत. पण त्याआधी घरच्या घरी जे बघता येतं ते बघा. ओठ उचलून हिरडी बघा, गुलाबी हवी, अंगठ्याने दाबून सोडली की पांढरी होऊन दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. कानाच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड लपतात, तिथे बोट घालून चाचपा. लॅब्राडोरचा कान उलटा करून वास घ्या, आंबट-कुजका वास आला तर कान पिकलाय. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर खाली बसवून उठवा, चार पायऱ्या चढवा, मागच्या पायांनी ससा उडी मारतो तसा चढला किंवा उठताना मागचा भाग ओढत उठला तर खुब्याचं दुखणं असू शकतं, एक्स-रे काढल्याशिवाय घेऊ नका. वय सांगतात त्यापेक्षा दोन वर्षं जास्तच धरून बघावं, दातांवर पिवळा-तपकिरी थर, तोंडाभोवती पांढरे केस, डोळ्यांच्या बाहुलीत निळसर धूसरपणा असेल तर तो "तीन वर्षांचा" नाही. नर असेल तर दोन्ही अंड खाली उतरलेत का बघा, लाजायचं काही कारण नाही.

मादी घेताना जास्तच बघायला लागतं. शेवटची माजावर कधी आली होती हे तारखेसकट विचारा, कारण माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, मादी खूप पाणी प्यायला लागते, जेवत नाही, आणि ऑपरेशन लवकर झालं नाही तर जाते. किंवा ती गाभण असते आणि तुम्हाला दोन महिन्यांनी सात पिल्लं होतात, जी मग कुणाला द्यायची हा प्रश्न तुमचा. नसबंदी झालीय म्हणतात तर पोटावर टाक्यांची बारीक रेघ आहे का बघा नि डॉक्टरचा कागद मागा. मोकाट कुत्र्यांत फिरलेला नर असो की मादी, लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब येतात का, फ्लॉवरसारखी मांसाची गाठ आहे का बघा, हा गाठीचा रोग जुगताना एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बरा होतो, दर आठवड्याला इंजेक्शन देऊन, पण माहीत असून घ्यावं.

लसीची वही उघडा, मी हात जोडून सांगते, उघडा. पहिल्या पानावरचं वर्णन समोरच्या कुत्र्याशी जुळतंय का, लसीच्या बाटलीवरून काढून चिकटवलेला स्टिकर आहे का, त्यावर बॅच नंबर नि एक्स्पायरी आहे का, बाजूला तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का आहे का. मग त्या डॉक्टरांना फोन करा. नुसतं पेनने "रेबीज झालं" लिहिलेलं असेल तर झालं नाही असं धरा आणि परत द्या, रेबीजची लस परत दिल्याने काही बिघडत नाही. दुसरं म्हणजे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात शेतीच्या कामात माणसं लेप्टोने आजारी पडतात, उंदराच्या मुतातून पाण्यात येतो, तो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून परत माणसाला. त्याची लस दर वर्षाला लागते, आणि पहिल्यांदा देताना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, म्हणजे आता जूनमध्ये कुत्रा घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

जातिवंत म्हणून जास्त पैसे मागत असतील तर केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट मागा, आणि नुसतं बघून परत देऊ नका. मानेत कातडीखाली टोचलेली मायक्रोचिप असेल तर तिचा पंधरा आकडी नंबर असतो, मशीन असलेल्या डॉक्टरकडे स्कॅन करून नंबर सर्टिफिकेटशी जुळवा आणि मालकी तुमच्या नावावर करायच्या फॉर्मवर तिथल्या तिथे सही घ्या. सर्टिफिकेट नसेल तर काही बिघडत नाही, बागेला सर्टिफिकेट राखत नाही, पण मग भाव जातिवंताचा देऊ नका. आणि ज्याच्याकडे दर दोन महिन्यांनी "घरचाच" कुत्रा विकायला निघतो तो मालक नाही, धंदेवाला आहे. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ती दाखवा म्हणा. आर्मीत आहे, बदली झालीय, कुत्रा ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी भाडं पाठवा, असा फोन आला तर तिथे कुत्राच नसतो, आमच्या ओळखीत दोघांचे पैसे असे गेलेत.

व्यवहार कागदावर करा. साध्या कागदावर चालेल, दोघांची नावं-पत्ते, कुत्र्याचं वर्णन नि फोटो, किंमत, शेवटच्या लसींच्या तारखा, चावल्याचा इतिहास नाही असं मालकाच्या हातचं वाक्य, आणि पंधरा दिवसांत जमलं नाही तर परत घेईन हे. दोघांच्या सह्या. घेतल्यानंतर तो कुणाला चावला तर जबाबदारी तुमची आहे, जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. आणि जमलं नाही म्हणून घाटात नेऊन सोडायचं नाही, १९६० च्या प्राण्यांशी क्रूरतेच्या कायद्याने तो गुन्हा आहे, कायदा नसता तरी असं करू नये. घाटात वळणावर बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघणारे कुत्रे मी पाहिलेत, पट्टा अजून गळ्यात असतो.

आमच्याकडे आता ज्युली आहे, लॅब्राडोर, पाच वर्षांची असताना मालवणच्या एका घरातून आणली. मुलाची पुण्याला बदली झाली, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, घरात आजी एकट्या, त्यांना तिला फिरवणं जमेना. आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्यांदा आजींनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने लिहिलेली यादी माझ्या हातात ठेवली. "सकाळी सहाला उठते, आधी दार उघडावे. भात-मासे खाते, तारली चालते, बांगड्याचा काटा काढून द्यावा. कोंबडी दिसली की सोडत नाही. विजा चमकल्या की पलंगाखाली जाते, ओढून काढू नये, आपली आपण येते." कोंबडीचं वाचून हे म्हणाले नको, आपल्याकडे बावीस कोंबड्या. मी म्हटलं, जी बाई विकताना स्वतःहून दोष लिहून देते तिच्याकडूनच घ्यायचा. आम्ही खुराड्याला जाळी मारली, आठ दिवस ज्युलीला दोरीवर ठेवली. पहिले तीन दिवस ती गेटकडे तोंड करून बसायची, आजींनी तिची जुनी गोधडी न धुता दिली होती ती अंगाखाली घातली तेव्हा झोपली. जेवण आजींकडचंच चालू ठेवलं, आठ-दहा दिवसांत हळूहळू आपलं केलं, एकदम बदललं की पोट बिघडतं. पहिल्या पावसाला विजा झाल्या तशी ती खरंच पलंगाखाली गेली आणि कुणी ओढली नाही. आजींना दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो.

साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. कुत्र्याची छोटी जाहिरात घेताना तीन गोष्टी छापल्याशिवाय घेऊ नका, रेबीजच्या शेवटच्या लसीची तारीख, कुत्रा का द्यायचाय ते, आणि "घरी येऊन बघता येईल" हे शब्द. दोन ओळी वाढतील, त्याचे पैसे जाहिरात देणाऱ्याकडून घ्या. आमच्या ग्रुपवर मी अ‍ॅडमिनला सांगून हा नियम गेल्या महिन्यापासून लावून घेतलाय, आधी आठवड्याला पाच-सहा मेसेज यायचे, आता दोन येतात आणि त्यात पत्ता असतो.

आपली,
एक बागायतदार वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग